कार्यक्रमांची जास्तीची तिकिटं ऑनलाइन विकायची आहेत? अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप हमखास येतो: "दोन तिकिटं जास्तीची आहेत, कुणाला हवीत का?" आई-बाबांचा व्हिसा वेळेत झालेला नसतो, ऑफिसचा दौरा मध्येच उपटतो, मुलाला आदल्या रात्री ताप भरतो. त्या निरोपापाठोपाठ जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक अमेरिकेतले असल्यामुळे भर इथल्या नियमांवर आहे; भारतातल्या कार्यक्रमांबद्दलचा प्रश्न शेवटी आहे. फीचे टक्के कार्यक्रमागणिक बदलतात. म्हणून 'विका'चं बटण दाबण्याआधी तुमच्या हातात नेमकी किती रक्कम येणार, तो आकडा स्क्रीनवर वाचा.

1. स्वतःसाठी घेतलेलं तिकीट दुसऱ्याला विकलं तर ते बेकायदा ठरतं का?

सहसा नाही. तिकीट पुन्हा विकायला सरसकट बंदी घालणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. नियम राज्याराज्यांचे आहेत. न्यूयॉर्कने 2007 मध्ये भावावरची मर्यादा उठवली, पण फुकट मिळालेलं तिकीट विकायला तिथे मनाई आहे. मेन राज्याने 2025 मध्ये उलट दिशा धरली: मूळ किमतीच्या वर 10 टक्क्यांपर्यंतच भाव घेता येईल असा कायदा केला. 2016 चा केंद्रीय 'बॉट्स' कायदा आहे तो सॉफ्टवेअर लावून एका झटक्यात शेकडो तिकिटं उचलणाऱ्यांसाठी. घरच्या दोन तिकिटांशी त्याचा संबंध येत नाही.

तिकिटाच्या अटी ही मात्र वेगळी बाब आहे. आयोजकाने पुनर्विक्री चालणार नाही असं लिहिलं असेल, तर पोलीस दारात येणार नाहीत, पण तिकीट रद्द होऊ शकतं. मग घेणारा गेटवरून परत फिरतो आणि भुर्दंड तुमच्यावर येतो.

2. विकायला जागा कुठल्या? सगळ्या साइट सारख्याच का?

मोटामोटी चार वाटा आहेत. जिथे तिकीट घेतलं तिथेच ते पुन्हा विकायला टाकणं (तिकीटमास्टर, सीटगीक, एएक्सएस) ही पहिली. स्टबहब, व्हिविड सीट्स यांसारखे खुले बाजार ही दुसरी. मूळ किमतीलाच देवघेव करू देणारी कॅशऑरट्रेडसारखी ठिकाणं ही तिसरी. आणि ओळखीच्या माणसाला थेट देणं ही चौथी.

तिकीट जिथे घेतलं तिथेच विकायला टाकलं तर एक मोठी डोकेदुखी टळते: विक्री झाली की जुना बारकोड बाद होऊन नवा थेट घेणाऱ्याच्या खात्यात जातो, तुम्हाला काही पाठवावं लागत नाही. खुल्या बाजारात गिऱ्हाईक जास्त, पण तिकीट पाठवायची जबाबदारी तुमची. स्टबहब आणि व्हायागोगो ही आता एकाच कंपनीची दोन दुकानं आहेत. ईबेने 2007 मध्ये 31 कोटी डॉलरला घेतलेलं स्टबहब व्हायागोगोने 2020 मध्ये 4.05 अब्ज डॉलरला विकत घेतलं. तेव्हा या दोघांच्या भावांची तुलना करण्यात फार वेळ घालवू नका.

एकच तिकीट दोन साइटवर टाकायचा मोह अनेकांना होतो. दोन्हीकडे रात्रीतून विकलं गेलं तर काय होतं ते प्रश्न 11 मध्ये आहे.

3. फी नेमकी किती जाते? मी 100 डॉलरला टाकलं तर मला 100 मिळत नाहीत का?

मिळत नाहीत, आणि घेणाऱ्यालाही ते 100 ला पडत नाही. कात्री दोन्ही बाजूंनी लागते. खुल्या बाजारात घरगुती विकणाऱ्याकडून साधारण 15 टक्के कापले जातात. घेणाऱ्याकडून आणखी 20 ते 30 टक्के, कधी त्याहून जास्त घेतले जातात.

घेणाऱ्याची फी 25 टक्के धरून हिशेब करू. तिकिटाची छापील किंमत 80 डॉलर होती, आणि सर्व्हिस फी वगैरे धरून तुमचे 102 गेले. तुम्ही ते 100 ला टाकलंत. तुमच्या पदरात 85 पडतील, घेणारा 125 मोजेल. तुम्हाला नफा नको, फक्त आपले 102 परत हवेत? मग 120 चा भाव लावावा लागेल. त्यातून 18 कापून तुम्हाला 102 मिळतील, पण घेणाऱ्याला तेच तिकीट 150 ला पडेल. तुम्ही एक सेंटही कमावला नाहीत, तरी समोरच्या कुटुंबाने 48 डॉलर जास्त दिले. चार तिकिटं असतील तर 192.

म्हणून लिस्टिंगच्या भावाकडे पाहून काही ठरवू नका. आकडे तीन असतात: तुमचे किती गेले, तुम्हाला किती मिळणार, आणि समोरच्याला किती पडणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातलं अंतर म्हणजे मधल्या माणसाची किंमत. अनोळखी गिऱ्हाईक आणून देणं, खोट्या तिकिटाची भरपाई, कार्डाचा खर्च, जाहिरात, कंपनीचा नफा, सगळं त्यात येतं. गिऱ्हाईक अनोळखी असेल तर ती किंमत मोजण्यात अर्थ आहे. घेणारा तुमच्याच कॉलनीत राहत असेल तर 102 ला थेट द्या. तुमचा तोटा नाही आणि त्याचे 48 वाचतात.

4. पूर्वी शेवटच्या पानावर भाव अचानक वाढायचा. आता सुरुवातीलाच मोठा आकडा दिसतो. फी वाढली का?

फी लपवता येईनाशी झाली. 12 मे 2025 पासून फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू आहे: कार्यक्रमांच्या तिकिटांची सक्तीची फी धरून एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवायची. न्यूयॉर्क राज्याने हेच ऑगस्ट 2022 पासून बंधनकारक केलं होतं.

कंपन्या इतकी वर्षं फी मागे का ठेवत होत्या याचं उत्तर स्टबहबवरच झालेल्या एका प्रयोगात आहे. काही गिऱ्हाइकांना फी धरून भाव दाखवला, काहींना फी शेवटी दाखवली. ज्यांना शेवटी दिसली त्यांनी सुमारे 20 टक्के जास्त खर्च केला. ते चढी तिकिटं निवडत गेले आणि मागे फिरायची इच्छा होईपर्यंत कार्ड नंबर भरून झालेला होता. त्याआधी 2014 मध्ये स्टबहबने स्वतःहून पूर्ण भाव दाखवून पाहिला होता. शेजारच्या साइटवर खोटा का होईना कमी आकडा दिसे, गिऱ्हाईक तिकडे वळे, म्हणून 2015 मध्ये ते जुन्या पद्धतीवर परतले. एकट्या दुकानाने प्रामाणिक राहून भागत नाही, नियम सगळ्यांना एकदम लागावा लागतो.

विकणाऱ्याला याचा परिणाम असा जाणवतो की तुम्ही 120 चा भाव लावलात तरी गिऱ्हाइकाच्या यादीत तुमचं तिकीट 150 म्हणून दिसतं. शेजारच्या रांगेतलं 140 ला असेल तर तुमच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

5. भाव किती लावावा? आणि कधी टाकावं, लगेच की शेवटी?

आधी त्याच सेक्शनमधली, त्याच आसपासच्या रांगेतली तिकिटं घेणाऱ्याच्या नजरेने पाहा. एक गोष्ट मात्र विसरू नका: साइटवर दिसतो तो मागितलेला भाव. विकला गेलेला भाव वेगळा, आणि तो बहुतेकदा दिसतच नाही. 9 जून 2024 ला न्यूयॉर्कच्या नासाऊ काउंटीत भारत-पाकिस्तान टी-20 विश्वचषकाचा सामना झाला तेव्हा लिस्टिंगमधले हजारो डॉलरचे आकडे बातम्यांत झळकत होते. ते पाहून आपल्याही तिकिटाला तोच भाव लावणारे पुष्कळ असतात. पण तो आकडा कुणीतरी मागत होतं, एवढंच त्यातून कळतं. तितके पैसे कुणी मोजले का, हे कळत नाही.

तिकीट नाशवंत आहे. खेळ सुरू झाला की त्याची किंमत शून्य. त्यामुळे शेवटच्या एक-दोन दिवसांत घरगुती विकणारे घाबरून भाव पाडतात आणि बहुतेक कार्यक्रमांत दर उतरतात. फार मोजकी जागा आणि एकच दिवस असेल तर उलटही घडतं, पण त्यावर भरवसा ठेवणं हा जुगार आहे. जाणार नाही हे पक्कं झालं की त्याच आठवड्यात टाका. सुरुवातीला थोडा वरचा भाव ठेवून दर दोन-तीन दिवसांनी उतरवत न्या. साइटवर "आपोआप भाव कमी करा" अशी सोय असेल तर तळाचा आकडा स्वतः घाला. तो रिकामा सोडला तर तिकीट मातीमोल भावात जाऊ शकतं.

जोडीची तिकिटं जोडीनेच विका. तीनपैकी दोन विकली तर उरलेल्या एकट्या खुर्चीला गिऱ्हाईक मिळणं अवघड. "एकटं तिकीट उरू देऊ नका" असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, तो चालू ठेवा.

6. विकलं गेलं, पण पैसे कुठे आहेत?

कार्यक्रम पार पडेपर्यंत ते साइटकडेच राहतात. त्यानंतर कामकाजाचे साधारण पाच ते आठ दिवस. मार्चमध्ये विकलेल्या ऑगस्टच्या तिकिटाचे पैसे ऑगस्टच्या शेवटी मिळतील. क्रेडिट कार्डावर उधारीने तिकिटं घेतली असतील तर दरम्यानचं व्याजही तुमच्याच खिशातून जातं, ते प्रश्न 3 मधल्या हिशेबात धरा.

7. स्क्रीनशॉट पाठवला तर चालतो ना?

चालत नाही. तिकीटमास्टरचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो. त्यावरून एक निळी पट्टी सतत सरकत असते. गेटवरचं यंत्र चित्रातला जुना कोड घेत नाही. तिकीट 'ट्रान्सफर' करावं लागतं: घेणाऱ्याचा ईमेल किंवा फोन नंबर टाकायचा, त्याने स्वतःच्या खात्यात शिरून ते स्वीकारायचं. तो स्वीकारत नाही तोवर तुम्ही परत घेऊ शकता. स्वीकारलं की ते त्याचं झालं.

घेणारा काकू-काकांच्या वयाचा असेल तर आदल्या दिवशी फोन करून तिकीट त्यांच्या अ‍ॅपमध्ये उघडून दिसतंय ना, हे बघायला सांगा, आणि ते फोनच्या वॉलेटमध्ये ठेवायला लावा. स्टेडियमच्या दाराशी हजारो लोक एकाच टॉवरवर असतात, नेटवर्क मिळत नाही, आणि पासवर्ड विसरल्याचा साक्षात्कार नेमका तिथेच होतो.

8. तिकीट अजून अ‍ॅपमध्ये आलेलं नाही, पण कन्फर्मेशन आहे. आत्ताच विकू का?

कन्फर्मेशन असेल तर टाकता येतं. काही आयोजक कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत ट्रान्सफर उघडतच नाहीत. तसं असेल तर लिस्टिंगमध्ये तिकीट पोचवायची तारीख खरी घाला.

हातात काहीच नसताना "मिळेल तेव्हा देऊ" म्हणून विकणं हा मात्र वेगळा धंदा आहे. मेरीलँडने जुलै 2024 पासून आणि मिनेसोटाने जानेवारी 2025 पासून त्यावर बंदी घातली आहे. घेणाऱ्यांनीही लक्ष ठेवावं: विक्री सुरू होण्याआधीच जे तिकीट बाजारात दिसतं, ते बहुधा कुणाकडेच नसतं.

9. मंडळाच्या ग्रुपवर थेट विकलं तर फी वाचते. मग साइटवर जावंच कशाला?

ओळखीचा माणूस असेल तर जाऊच नका. एक मर्यादा आहे: ग्रुपमध्ये 400 जण आहेत म्हणून ते 400 ओळखीचे होत नाहीत. तुम्ही ज्याच्या घरी गेला आहात, किंवा ज्याला ओळखणारं कुणी तुमच्या जवळचं आहे, तो ओळखीचा.

पैसे कसे घ्यायचे हाही प्रश्न येतो. झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) आलेले पैसे परत जात नाहीत, म्हणून विकणाऱ्याला ते सोयीचं आणि अनोळखी घेणाऱ्याला धोक्याचं. पेपाल किंवा व्हेन्मोवर 'वस्तू आणि सेवा' असा पर्याय निवडला तर साधारण 3 टक्के जातात, पण घेणाऱ्याला दाद मागायची सोय राहते. प्रश्न 3 मधल्या तिकिटाला 150 च्या ऐवजी 105 मोजून थोडंफार संरक्षण मिळत असेल, तर मधला मार्ग म्हणून तो चांगला आहे. 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय मित्र-नातेवाइकांसाठीच ठेवा.

क्रम: आधी पैसे, मग लगेच ट्रान्सफर, दोन्ही फोनवर बोलत असतानाच. आणि ग्रुपवर भाव लिहिताना फी धरून तुम्हाला पडलेली रक्कमच लिहा. आपल्या माणसांकडून त्यावर नफा काढायला कायद्याची आडकाठी नसेल, तरी ते बरं दिसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनीही "छापील किमतीला दे ना" म्हणून फीचे 22 डॉलर तुमच्या गळ्यात मारू नयेत.

10. फेसबुकवर एक जण स्वस्तात देतोय, तिकिटाचा फोटोही पाठवला. घेऊ का?

फोटो हा पुरावा नाही (कारण प्रश्न 7 मध्ये). "आधी झेल कर, माझ्याकडे अजून तिघे थांबले आहेत" अशी घाई सुरू झाली की तिथेच थांबा. खात्यावर मराठी नाव आणि गणपतीचा फोटो आहे एवढ्यावर विश्वास टाकू नका. चोरलेल्या खात्यांवरही नाव-फोटो खऱ्या माणसाचेच असतात. फोन लावून बोला, ओळख निघते का बघा. निघाली नाही तर साइटवरची फी भरणं स्वस्त पडतं.

11. तिकीट विकलं गेलं, पण आता आम्हालाच जायचंय. विक्री रद्द करता येईल?

येत नाही. विकलं म्हणजे विकलं. पाठवलं नाहीत तर साइट घेणाऱ्याला दुसरं तिकीट आणून देते आणि त्याचा खर्च, वर दंड, तुमच्या कार्डावर टाकते. शेवटच्या दिवशी ते बदली तिकीट तुमच्या भावाच्या दुप्पट-तिप्पट असू शकतं. विक्रीच्या खात्याला कार्ड जोडायला लावतात ते यासाठीच. चुकून एक शून्य कमी टाकलं, दोन साइटवर एकच तिकीट विकलं गेलं, आसन क्रमांक चुकीचा लिहिला, या सगळ्यांना हाच नियम. म्हणून मन डळमळीत असेल तर लिस्टिंग टाकू नका, आणि बेत बदलला की त्या क्षणी ती काढून घ्या.

12. कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे ढकलला, तर पैसे कुणाचे?

रद्द झाला तर विक्री मोडते. तुम्हाला साइटकडून काही मिळत नाही, आधीच मिळालं असेल तर परत घेतलं जातं; मूळ तिकिटाचा परतावा मात्र तुमच्या मूळ कार्डावर येतो, कारण पहिल्या विक्रेत्याच्या नोंदीत गिऱ्हाईक तुम्हीच आहात. घेणाऱ्याचे पैसे साइट देते. थेट विक्री केली असेल तर हा परतावा तुम्हालाच आठवणीने पुढे पाठवावा लागतो.

साइट वेळेवर देतेच असं नाही. मार्च 2020 मध्ये करोनामुळे सगळं एकदम रद्द झालं, तेव्हा स्टबहबने रोख परताव्याऐवजी 120 टक्क्यांचं कूपन पुढे केलं. अनेक राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलनी प्रकरण हाती घेतल्यावर 2021 मध्ये तडजोड होऊन रोख परताव्याचा मार्ग मोकळा झाला.

पुढे ढकलला तर विक्री कायम राहते. घेणाऱ्याला नवी तारीख जमत नसेल तर त्याने ते तिकीट पुन्हा विकायचं.

13. अ‍ॅपमध्ये 'ट्रान्सफर'चं बटण फिकट दिसतंय, दाबलंच जात नाही. काय करू?

कलाकाराने किंवा आयोजकाने ट्रान्सफर बंद ठेवलं असणार. काही दौऱ्यांत तिकीटमास्टरच्या 'फेस व्हॅल्यू एक्स्चेंज'वर मूळ किमतीलाच विकायची परवानगी असते. 2023 मध्ये द क्युअर या इंग्लिश बँडने तसंच केलं, आणि त्यांचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी फीबद्दल जाहीरपणे आवाज उठवल्यावर तिकीटमास्टरने गिऱ्हाइकांना 5 ते 10 डॉलर परतही केले. पण न्यूयॉर्क, शिकागो आणि डेन्व्हरमध्ये ही अट त्यांना लावता आली नाही. न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडोच्या कायद्यांनुसार घेतलेलं तिकीट हस्तांतरित करायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तिकीट माझं आहे तर ते भावाला द्यायला परवानगी कशाला, हे खरं. आणि तोच हक्क दलालांना पळवाट देतो, हेही खरं. मला स्वतःला मूळ किमतीची देवघेव जास्त न्याय्य वाटते: अडलेल्याचे पैसे वाचतात, ज्याला खरंच ऐकायचंय त्याला जागा मिळते. बटण बंद असेल तर स्वतःचं खातं आणि पासवर्ड दुसऱ्याला देऊन वाट काढू नका. त्या खात्यात तुमचं कार्डही असतं.

14. विद्यार्थी सवलतीचं, लॉटरीत लागलेलं किंवा ऑफिसकडून फुकट मिळालेलं तिकीट विकता येईल का?

ब्रॉडवेच्या लॉटरीची तिकिटं विजेत्याला ओळखपत्र दाखवून घ्यावी लागतात, ती विकता येत नाहीत. विद्यार्थी तिकिटाला गेटवर कॉलेजचं कार्ड मागू शकतात. फुकट तिकिटाबद्दल प्रश्न 1 पाहा. शिवाय ऑफिसने दिलेलं तिकीट विकलं तर नोकरीच्या ठिकाणी अडचण होऊ शकते. ही तिकिटं कुणाला तरी अशीच देऊन टाका.

15. टॅक्स लागतो का? 1099-के फॉर्म येणार का?

या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ उडतो. नफा झाला तर तो करपात्र आहे, फॉर्म येवो न येवो. तोटा झाला असेल तर कर नाही, पण तो तोटा वजाही करता येत नाही, कारण तिकीट वैयक्तिक वापरासाठी घेतलेलं होतं. एका तिकिटावर 60 डॉलर मिळाले आणि दुसऱ्यावर 60 गेले, तर हिशेब शून्य होत नाही.

1099-के म्हणजे साइटने तुमच्या विक्रीची रक्कम करखात्याला कळवायचा फॉर्म. तो पाठवायचा उंबरठा गेल्या काही वर्षांत सारखा हलला. 600 डॉलरचा नियम 2021 मध्ये आला, वारंवार पुढे ढकलला गेला, आणि जुलै 2025 च्या कायद्याने पुन्हा जुनाच आकडा आणला: वर्षाला 20,000 डॉलरपेक्षा जास्त आणि 200 पेक्षा जास्त व्यवहार. पण राज्यांचे आकडे वेगळे आहेत. न्यू जर्सीत 1,000 डॉलर. मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड आणि व्हर्जिनियात 600.

फॉर्मवर फी कापण्याआधीची रक्कम असते. तिकीट 102 ला घेतलं, 300 ला विकलं, 45 फी गेली, तर नफा 153. फॉर्मवर मात्र 300 दिसतील. मूळ खरेदीची पावती, फी धरून असलेली, ईमेलमध्ये जपून ठेवा. ती नसेल तर 102 चा खर्च सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

16. मी एच-1बीवर आहे (किंवा एफ-1 वर, किंवा बायको एच-4 वर आहे). तिकीट विकणं म्हणजे परवानगीशिवाय काम होईल का?

स्वतःला जायचं म्हणून घेतलेलं तिकीट न जमल्यामुळे विकणं म्हणजे घरातला जुना सोफा विकण्यासारखं आहे. त्याला कुणी नोकरी-धंदा म्हणत नाही. पण विकायच्याच हेतूने प्रत्येक दौऱ्याची आठ-आठ तिकिटं घेणं, दर महिन्याला लिस्टिंग टाकणं, नफ्यातून पुढची खरेदी करणं, हा व्यापार दिसतो. एच-1बीची परवानगी ठरलेल्या मालकाकडच्या ठरलेल्या कामापुरती असते. ईएडी (कामाचा परवाना) नसलेल्या एच-4 ला तर कामाची मुभाच नाही. थोड्या डॉलरसाठी ग्रीन कार्डाची फाइल धोक्यात घालू नका. तसं काही आधीच सुरू असेल तर कर भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी बोला. ग्रुपवरच्या सल्ल्यावर विसंबून राहू नका.

17. फिफा विश्वचषकाची तिकिटं स्टबहबवर टाकावी की फिफाच्याच साइटवर?

2026 च्या स्पर्धेसाठी फिफाने स्वतःचा रीसेल बाजार उघडला आणि तिथे दोन्ही बाजूंकडून 15-15 टक्के ठेवले. 1,000 डॉलरचा भाव लावला तर विकणाऱ्याला 850, घेणारा मोजणार 1,150. मधले 300 फिफाचे. अधिकृत म्हणजे स्वस्त, असं समीकरण धरू नका. अधिकृत जागेचा खरा फायदा तिकीट खरं असण्याची आणि ते वेळेवर पोचण्याची खात्री. महागड्या तिकिटाला ती खात्री मोलाची आहे.

18. मराठी नाटकाच्या दौऱ्याची किंवा मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटं कुठे विकावी?

कुठल्याही साइटवर नको. आधी आयोजक मंडळाला फोन करा. हाउसफुल्ल प्रयोगाला त्यांच्याकडे थांबलेल्यांची यादी असते, ते नाव बदलून देतात आणि दोघांचंही काम होतं. गेटवर नावाची यादी घेऊन स्वयंसेवक बसतात, त्यामुळे न सांगता दिलेल्या तिकिटावर विनाकारण खोळंबा होतो. जेवणाचं कूपन जोडलेलं असेल तर शाकाहारी-मांसाहारी आणि मुलांची संख्याही कळवा. आणि नाटक मंडळी विमानाने इथे येतात, सभागृहाचं भाडं मंडळाला आधी भरावं लागतं. परतावा नाही म्हणून त्यांच्यावर चिडू नका.

19. माझं खातं हॅक होऊन तिकिटं परस्पर गेली तर?

तसं घडतं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या सरकारी वकिलांनी 900 हून अधिक तिकिटं, बहुतेक टेलर स्विफ्टच्या दौऱ्याची, परस्पर वळवून विकल्याचा आरोप दोघांवर ठेवला. आरोपानुसार, विकल्या गेलेल्या तिकिटांच्या लिंक स्टबहबसाठी काम करणाऱ्या जमैकातल्या कंत्राटदाराच्या कार्यालयातून चोरल्या होत्या.

तिकिटांच्या खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा, तो दुसरीकडे वापरू नका. ज्या ईमेलवर तिकिटं येतात त्या ईमेललाही दोन पायऱ्यांची सुरक्षा लावा. "तुमचं तिकीट ट्रान्सफर झालं" असा न मागितलेला ईमेल आला तर त्यातल्या लिंकवर न जाता अ‍ॅप उघडून पाहा आणि त्याच तासात तक्रार नोंदवा. फोनवर आलेला ओटीपी "मी ग्राहक सेवेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला सांगू नका. खरी ग्राहक सेवा तो मागत नाही.

20. मुंबईतल्या कॉन्सर्टचं तिकीट घेतलं होतं, आता सुट्टी मिळत नाही. इथून व्हायागोगोवर टाकू का?

टाकू नका. भारतात ऑनलाइन पुनर्विक्रीसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही, पण तपास यंत्रणांचं लक्ष आहे. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या कोल्डप्लेच्या जानेवारी 2025 च्या कार्यक्रमांची विक्री 22 सप्टेंबर 2024 ला झाली. 2,500 ते 35,000 रुपयांची तिकिटं लगोलग लाखांच्या भावाने परदेशी साइटवर दिसू लागली. या साइटशी आपला संबंध नाही असं बुकमायशोने जाहीर केलं आणि पोलिसांत तक्रार दिली. पुढे ईडीने काही शहरांत छापे घातले. नियम करण्याच्या मागणीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये फेटाळली, कारण धोरण ठरवणं हे विधिमंडळाचं काम आहे.

भारतात बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र किंवा मनगटाची पट्टी मागितली जाऊ शकते. त्यामुळे आधी तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपमध्येच नाव बदलायची किंवा परत विकायची सोय आहे का पाहा. झोमॅटोने सप्टेंबर 2024 मध्ये तशी सोय जाहीर केली होती. ती नसेल तर पुण्या-मुंबईतल्या भाच्याला किंवा पुतणीला मूळ किमतीत द्या, आणि बुकिंगचा ईमेल, तुमच्या ओळखपत्राची प्रत व "माझ्या वतीने हिला प्रवेश द्यावा" असं दोन ओळींचं पत्र पाठवा. आयोजक ते पत्र मानतात का, हे मात्र त्यांच्या मदत क्रमांकावर आधी विचारून घ्या.